परतवारी

आषाढी एकादशीला सारा महाराष्ट्र पंढरपूरकडं बघतो. आम्ही हिंगोली जिल्ह्यातली माणसं त्यानंतरच्या वद्य एकादशीचीही वाट बघतो. त्या दिवशी नरसीला पाय ठेवायला जागा उरत नाही. पंढरीहून परतलेले वारकरी कयाधूच्या काठी, नामदेवांच्या जन्मगावी येतात, माथा टेकवतात आणि मगच म्हणतात, की आता वारी पुरी झाली. या येण्याला परतवारी म्हणतात.

पुढचं बोलणं नरसीतच झालं, परतवारीच्या आधीच्या चार-पाच भेटींत. कधी मंदिराच्या पायरीवर, कधी गुरुजींच्या ओसरीवर. मी सोबत होतो आणि बहुतेक वेळ ऐकत होतो. तुकडे जोडून ते इथं एकत्र लिहिलं आहे. दोघांची नावं देत नाही; दोघांनीही नको म्हटलं.

बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत सोळा वर्षं शिकवतात. वय अडतीस. डी.एड. झालं आणि नोकरी लागली. बी.ए. आणि बी.एड. नोकरी सांभाळून केलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला त्यांना प्रवेश मिळाला आहे आणि फी व राहण्याचा खर्च भागेल अशी शिष्यवृत्तीही. गुरुजी निवृत्त केंद्रप्रमुख. बाई चौथीत त्यांच्याच वर्गात होत्या, म्हणून ते त्यांना अजून अगं-तुगं करतात.

गुरुजी : ऐकलं ते खरं का, माय? विलायतेला चाललीस?

बाई : हो गुरुजी. सप्टेंबरात सत्र सुरू होतं. वर्षभराचं आहे.

गुरुजी : वर्ष तुझ्या एकटीचं नसतं. पहिलीतल्या लेकराचंही ते वर्षच असतं, आणि त्याला पहिली एकदाच मिळते. तुझी शाळा दोन शिक्षकी. तू गेलीस की चार वर्ग एका माणसाच्या गळ्यात पडतील. तो एकीकडं पहिलीला अक्षरं गिरवायला लावील, दुसरीकडं चौथीला भागाकार घालून देईल, मध्येच खिचडीचा तांदूळ मोजायला उठेल. शिकवणं कधी व्हायचं?

बाई : माझी बदली झाली असती तर?

गुरुजी : बदली झाली तर बदल्यात माणूस येतो. रजेवर गेलेल्याच्या जागी कोण येतं, सांग बरं.

बाई गप्प झाल्या. हा प्रश्न गुरुजींनी पहिल्याच भेटीत टाकला आणि शेवटच्या भेटीपर्यंत त्याला उत्तर मिळालं नाही. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गुरुजी : बरं, तेही सोड. तुला शिकायचं काय राहिलंय? सोळा वर्षं झाली. तुझ्या वर्गातलं पोरगं तिसरीत खाडखाड वाचतं, हे मी स्वतः तपासणीला येऊन बघितलंय. त्या एम.ए.नं तुझा पगार एका रुपयानं वाढायचा नाही. सेवाज्येष्ठतेची यादीही हलायची नाही. मग कशापायी?

बाई : तुम्ही माझ्या शाळेत तपासणीला किती वेळा आलात, गुरुजी?

गुरुजी : दरवर्षी. कधी दोनदा.

बाई : आणि शेवटच्या बाकावर बसून माझा आख्खा तास किती वेळा बघितलात?

गुरुजी : (थोडं थांबून) एकदाही नाही. रजिस्टरं, हजेरी, पोषण आहाराचा साठा, वाचन घेऊन बघणं... त्यातच दिवस जायचा.

बाई : तुमच्यावर राग नाही माझा. पण सोळा वर्षांत मी शिकवताना माझं काय चुकतं, हे कुणी बघितलं नाही. मूल वाचतंय, एवढं बघितलं. जे वाचत नाही ते का वाचत नाही, हे माझ्याबरोबर बसून कुणी शोधलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बंजारा तांड्यावरची एक मुलगी पहिलीत आली. मी चित्र दाखवून विचारलं, ही कोण? ती म्हणाली, याडी. मी म्हणाले, याडी नाही, आई म्हण. ती ‘आई’ म्हणाली. त्यानंतर दिवाळीपर्यंत ती वर्गात बोलली नाही.

गुरुजी : लाजली असेल.

बाई : मीही तेच समजले. पुढं दरवर्षी असं एखाद-दुसरं लेकरू यायचं आणि मी ‘लाजाळू आहे’ असा शेरा लिहायचे. एकदा मधल्या सुट्टीत खिडकीतून ऐकलं. तीच लेकरं अंगणात नुसती कलकलाट करत होती, त्यांच्या गोरमाटी बोलीत. एकही लाजाळू नव्हतं. मी त्यांच्या याडीला खोटं ठरवलं होतं, म्हणून ती गप्प होती. मग मी शब्द गोळा केले, भिंतीवर मराठी आणि गोरमाटी दोन्ही लावले. काही लेकरं बोलायला लागली, काही नाही. काही बोलायला लागली पण वाचनात अडली. असं का, ते मला कळत नाही. प्रशिक्षणात विचारलं तर उत्तर मिळालं, की मराठीचा सराव वाढवा.

इथं गुरुजींनी पान जमवायला घेतलं. अडचणीचा मुद्दा आला की ते पान जमवतात, हे मला माहीत आहे.

गुरुजी : तुझं दुखणं कळलं. पण त्याचं औषध तांड्यावर मिळेल की लंडनला? तिथं गोरमाटी कुणाला येते?

बाई : गोरमाटी कुणाला येत नसेल. पण घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, अशी लेकरं जगभर आहेत. लंडनच्याच शाळांत बंगाली, सोमाली बोलणारी पोरं बसतात. इंग्लंडला लागून वेल्स आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात शाळेत आपली वेल्श भाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. त्यावर दोन शब्द : वेल्श नॉट. पुढं दुसरं कुणी वेल्श बोललं, की तो तुकडा त्याच्या गळ्यात. आज त्याच वेल्समध्ये वेल्श माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली माओरी लोकांनी आजी-आजोबांना बरोबर घेऊन बालवाड्या काढल्या, लेकरांची भाषा जगावी म्हणून. युनेस्कोनं १९५३ सालीच लिहून ठेवलंय, की मुलाच्या शिक्षणाची सुरुवात मातृभाषेत व्हावी. आपलं २०२० चं धोरणही तेच म्हणतं. म्हणजे माझ्या वर्गातला प्रश्न माझ्या एकटीचा नाही. त्यावर माणसांनी सत्तर वर्षं काम केलंय आणि मी मात्र खिडकीतून ऐकून पहिल्यापासून शोधत बसले.

गुरुजी : मग पुस्तकं मागव. मोबाईलवर सगळं येतं म्हणतात.

बाई : मागवली, वाचली. पण मी वाचलेलं बरोबर लावते की चूक, ते कोण सांगणार? तिथं पंधरा हजार शब्दांचा प्रबंध लिहावा लागतो. लिहिलेलं एक माणूस ओळ न् ओळ वाचतो आणि खोडतो. शंभरातले सत्तर मिळाले तर ते त्यांच्याकडं विशेष प्रावीण्य. मला पन्नास मिळतील, पंचावन्न मिळतील. पण माझं म्हणणं कुठं कच्चं आहे, ते कळेल. गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हीच आम्हाला चौथीत सांगितली होती ना?

ही गोष्ट नरसीत लहान पोरालाही येते, तरी सांगितली पाहिजे. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी गोरोबा कुंभारांना म्हटलं, काका, तुमच्या थापटण्यानं बघा बरं, यातलं कुठलं मडकं पक्कं आणि कुठलं कच्चं. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र ते सोसलं नाही. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो, असे ते नामदेव. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. नामदेव रडत विठ्ठलाकडं गेले तर विठ्ठलानंही तेच सांगितलं, गुरू कर. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं आले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पहुडले होते. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिथं ठेवतील तिथं लिंग उमटायचं.

माझ्या मनात ही गोष्ट वर्षानुवर्षं एका कारणानं घर करून आहे. कच्चं ठरलं ते नवख्याचं मडकं नव्हतं. ज्याला सारे मानत होते, त्याचं होतं. नावारूपाला आलेल्या माणसानं पुन्हा शिष्य व्हायचं, यात केवढं धाडस लागतं, ते आम्हा शिक्षकांना विचारा. आम्ही वर्गात शिरलो की समोरची सगळी डोकी आमच्यापेक्षा लहान. वीस वर्षं अशी गेली, की आपल्याला कुणी दुरुस्त करावं ही सवयच मोडते.

गुरुजी : गोष्ट मीच सांगितली खरी. पण तू तिचा शेवट विसरलीस. विसोबा कुठं भेटले? औंढ्यालाच. आपल्याच जिल्ह्यात. काशीला जावं लागलं नाही.

बाई : (हसून) हे मात्र खरं.

गुरुजी : आणखी सांगतो. ताराबाई मोडक कुठल्या विलायतेला शिकल्या? भावनगरला गिजुभाई बधेकांजवळ राहून बालशिक्षण शिकल्या. माँटेसोरीबाईंची साधनं महागाची. ताराबाईंनी बोर्डीला १९४५ साली काम मांडलं तेव्हा बिया, शिंपले, पानं, खडे घेतले. पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कोसबाडच्या टेकडीवर राबल्या. अन् उलटं उदाहरण हवं तर फलटणला बघ. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या. फलटणच्या मराठीवर त्यांनी पीएच.डी. केली आणि तिथंच राहून शाळा काढली. पोरांनी वाचायला कसं शिकावं, हे मराठीतून बसवलं. जगातली माणसं आपल्याकडं शिकायला येतात आणि आपण तिकडं पळायचं?

बाई : गुरुजी, बर्नसनबाईंचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्या आपलं गाव सोडून आल्या, म्हणून फलटणची मराठी त्यांना नव्यानं ऐकू आली. आपल्या कानाला आपली बोली ऐकूच येत नाही. ती सवयीची होऊन जाते. आणि पंडिता रमाबाई? १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, १८८६ साली अमेरिकेला. तिथं किंडरगार्टनचं शिक्षण घेतलं. मुंबईत १८८९ साली शारदा सदन काढलं तेव्हा ते बरोबर होतं. एक विधवा बाई, कडेला लहान मुलगी. तिला तर गावानं परवानगीही दिली नव्हती.

गुरुजी : त्या काळी इकडं काही नव्हतं म्हणून जावं लागलं.

बाई : मग अत्रे? पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे हेडमास्तर होते. शिकवण्यात नाव झालेलं. तरी लंडनला जाऊन १९२८ साली टी.डी. होऊन आले. त्यानंतर ‘नवयुग वाचनमाला’ निघाली. क्रमिक पुस्तक पोरांना गोड वाटू शकतं, हे महाराष्ट्रानं तेव्हा बघितलं.

गुरुजी : वाचनमाला लंडनची होती का? सासवडच्या माणसाची होती. कऱ्हेकाठची भाषा होती तिच्यात.

बाई : तेच म्हणते मी! तिकडून भाषा आणायची नाही. आपली भाषा पोरांपर्यंत का पोचत नाही, हे बघायची नजर आणायची.

अत्र्यांच्या बाबतीत दोघांचंही बरोबर आहे, असं मला वाटतं. लंडनला न जाताही अत्र्यांनी चांगलं मराठी लिहिलं असतं. पण मुलाचं मन कसं चालतं, याचा अभ्यास करून आलेल्या मास्तरानं वाचनमालेकडं वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं, हेही नाकारता येत नाही. यात कशाचं माप किती, ते काढायला बसू नये. गुरुजींनी मात्र तो वाद तिथंच सोडला आणि त्यांच्या मनातल्या मूळ मुद्द्यावर आले.

गुरुजी : हे बघ, रमाबाई परतल्या. अत्रे परतले. तू परतशील?

बाई : बंधपत्र लिहून देणार आहे, गुरुजी. रजेच्या नियमांत अध्ययन रजा आहे, १९८१ पासून. ती घ्यायची तर परत येऊन नोकरी करीन असं लिहून द्यावं लागतं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्यालाही एम.ए. झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं.

गुरुजी : कागदानं माणूस बांधला जात नाही. बाबासाहेबांनी १९१३ साली बडोद्याच्या महाराजांना दहा वर्षं नोकरीचं लिहून दिलं होतं. कोलंबियाला गेले, शिकले, १९१७ साली बडोद्याला आले. आणि काय झालं? त्या शहरानं एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली दिली नाही. करार तिथंच राहिला.

बाई : पण ते परतले नाहीत असं म्हणाल का तुम्ही? १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय कुणी काढलं? निजाम जाऊन दोन वर्षं झाली होती. मराठवाड्यातल्या दलित पोरांना कॉलेज म्हणजे काय, ते तिथं कळलं. कोलंबियात जॉन ड्यूईंचे तास ऐकलेला माणूस तुमच्या-माझ्या मराठवाड्यात येऊन कॉलेज काढतो. करार बडोद्याशी होता. ते परतले आपल्या माणसांकडं.

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. समोरून पंजाबी यात्रेकरूंचं एक कुटुंब देवळाकडं चाललं होतं. नरसीत गुरुद्वारा आहे, त्यामुळं हे रोजचं. गुरुजींनी त्यांच्याकडं बोट दाखवलं.

गुरुजी : यांना विचार, नामदेव परतले का. आपण म्हणतो, १३५० साली पंढरपूरला महाद्वारात समाधी घेतली, म्हणून ती नामदेव पायरी. हे म्हणतात, बाबा नामदेव घुमानलाच राहिले, समाधी तिथंच. पंजाबात वीसेक वर्षं काढली त्यांनी. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. घुमानला २०१५ साली आपलं साहित्य संमेलन झालं ना? गेलेला माणूस तिकडच्यांना एवढा आपला झाला, की सातशे वर्षांनीही दोन गावं त्याला आपलाच म्हणतात. तू गेलीस आणि तिकडच्यांना आपली वाटलीस, तर? तिकडं शिक्षकांची वाण आहे म्हणतात. आमच्या लेकरांना कोण?

बाई : नामदेव तिथं राहिले की इथं आले, हे मी सांगू शकत नाही. पण तिकडं जाऊन त्यांनी काय केलं, ते माहीत आहे. तिथल्या माणसांच्या बोलीत पदं रचली. याडी म्हणणाऱ्याला आई म्हण, असं सांगितलं नाही.

मला वाटलं, इथं वाद संपला. तो संपला नाही. शेवटच्या भेटीत गुरुजींनी स्वतःच तो पुन्हा उकरला आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर काढलं.

गुरुजी : तू परतशील, हे मी धरून चालतो. पण परतशील ती कुठं? शाळेत पाय ठेवलास की दुसऱ्या दिवशी मतदार यादीचं काम. तिसऱ्या दिवशी पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भर. चौथ्या दिवशी कसलंसं सर्वेक्षण. कोण विचारणार आहे तुला, की बाई, तिकडं काय शिकून आलात? मीही गेलो होतो. विलायतेला नाही, परराज्यात, चाळीस दिवसांच्या शिबिराला. विज्ञान कसं शिकवावं यावर. दोनशे पानांची वही भरून आणली होती. हातानं करायचे साठ प्रयोग, सगळे गावात मिळणाऱ्या वस्तूंचे. आल्यावर वरिष्ठांना म्हटलं, केंद्रातल्या सगळ्या मास्तरांना दाखवतो. ते म्हणाले, बघू. पुढच्या महिन्यात पुन्हा म्हटलं. बघू. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. ती वही ट्रंकेत आहे. एकतीस वर्षं झाली.

बाई : मला कधी बोलला नाहीत.

गुरुजी : काय बोलायचं? जाताना तुझ्याएवढाच उत्साह होता. तू जाऊ नको असं मला वाटतं, ते तू न परतण्याच्या भीतीनं नाही. परत आलेलं माणूस जागच्या जागी कसं वाळतं, ते मी बघितलंय. आरशात बघितलंय.

बाई : ती वही मला द्याल?

गुरुजी : वाळवी लागली असेल.

बाई : असू द्या. जेवढी उरली तेवढी द्या.

परतवारीच्या दिवशी गर्दीत वाट काढत गुरुजी आले आणि त्यांनी ती वही बाईंच्या हातात ठेवली. वाळवी लागली नव्हती. कडा पिवळ्या पडल्या होत्या, शाई मात्र शाबूत. मी चाळली. पहिल्या पानावर दोन नारळाच्या करवंट्यांचा तराजू काढलेला आहे. “मला अजून पटलेलं नाही,” गुरुजी म्हणाले, “पण गेलीस तर लेकरांना पत्र लिहीत जा. मोबाईलवरचं नाही. कागदावरचं. पोस्टमन शाळेत आला पाहिजे.”

आता मला जे म्हणायचं आहे ते म्हणतो. बाईंनी जावं. सोळा वर्षं शिकवून झाल्यावर माझं मडकं थापटून बघा असं जी शिक्षिका आपण होऊन म्हणते, तिला अडवू नये. अशी माणसं थोडी असतात आणि वाट त्यांना फारशी सोपी नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या मुलामुलींसाठी मोठा आधार आहे. पण पदव्युत्तर शिक्षणासाठी तिची वयोमर्यादा ३५ आहे. पंधरा-सोळा वर्षं वर्गात घालवलेला शिक्षक त्या दारातून आत जाऊच शकत नाही. नुकताच पदवीधर झालेला तरुण शिक्षणशास्त्र शिकायला परदेशी जातो, ते चांगलंच आहे. पण ज्याच्या मनात गप्प बसलेल्या मुलीचा चेहरा आहे, तो शिक्षक त्याच पुस्तकांतून वेगळं काही घेऊन येतो. शिक्षकांसाठी तरी ही अट शिथिल व्हायला हवी.

रजेचंही तसंच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुढं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला त्यांच्या रजेचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शेवटी शिक्षणमंत्र्यांना त्यात लक्ष घालावं लागलं. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं, की सर्वांना माहीत असलेल्या शिक्षकाच्या रजेसाठी मंत्र्यापर्यंत जावं लागत असेल, तर आमच्या कयाधूकाठच्या शाळेतल्या बाईंनी कुणाकडं जायचं?

आपल्या जिल्ह्याला जग काही परकं राहिलेलं नाही. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा औंढा तालुक्यात उभी राहते आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली तिला अंतिम मंजुरी दिली, २६०० कोटी रुपयांची. जगातले शास्त्रज्ञ विसोबांच्या औंढ्याला येणार आहेत. त्याच तालुक्यातल्या तांड्यावरचं लेकरू मात्र पहिलीत ‘याडी’ म्हणून गप्प होतं. तिथं जायला शास्त्रज्ञ नव्हे, शिक्षकच लागतो, आणि तो शिकलेला लागतो.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, बाई परत आल्यावरची. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. त्यातला आख्खा एक दिवस त्यांना द्या आणि त्याच दिवशी गुरुजींच्या वहीतले साठ प्रयोगही मास्तरांच्या हातांनी करून घ्या. एकतीस वर्षं उशीर झाला आहे, अजून करू नका. दुसरी मागणी आजची आहे आणि ती गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाची आहे. अध्ययन रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी तेवढ्या काळापुरता दुसरा शिक्षक द्या. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. कुणी शिकायला गेलं तर एक चालेल, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

बाईंच्या शाळेत पहिली ते चौथीची एकोणतीस मुलं आहेत. सप्टेंबरापासून तिथं एक शिक्षक कमी असेल.